गद्यकविता: ओळी काढल्या की उरतं काय?

लेखणी_बोथट

मुक्तछंदाची सवय आहे, गद्यकवितेची नाही. तिच्याबद्दल वाचायला गेलं की 'ओळी न तोडता लिहिलेली कविता' हेच वाक्य फिरून फिरून भेटतं. म्हणून सरळ तोच प्रयोग केला. मूळ कविता अशी होती:

खाली उतरणारा माणूस
आणि वर चढणारा माणूस
एकाच पायरीवर भेटतात
क्षणभर
दोघांची उंची सारखी होते
मग
पुन्हा एक मोठा
एक लहान

ओळी जोडल्यावर:

खाली उतरणारा माणूस आणि वर चढणारा माणूस एकाच पायरीवर भेटतात. क्षणभर दोघांची उंची सारखी होते, मग पुन्हा एक मोठा, एक लहान.

दुसरीत काहीतरी हरवलंय, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नाही. ही गद्यकविता झाली का? नसेल तर कुठे अडलं? ललित लेखातला एखादा परिच्छेद, अलक (अतिलघुकथा) आणि गद्यकविता ओळखायच्या कशा? लांबी किती असावी? आणि मराठी वाक्य 'आहे'वर नाहीतर 'होतं'वर येऊन आदळतं, त्या रटाळ ठेक्याला उपाय काय?

व्याख्या नकोत, हात कसा चालवायचा ते सांगा.

अर्धविराम

काय हरवलं ते आधी.

एक, 'क्षणभर'. पहिल्या रूपात हा शब्द ओळीवर एकटा उभा होता. त्यामुळे तो वरच्या ओळीचाही होता (भेटतात क्षणभर) आणि खालच्याही (क्षणभर उंची सारखी होते). गद्यात पूर्णविराम द्यावा लागला आणि तुम्ही तो खालच्या वाक्याला देऊन टाकलात. दुहेरी अर्थ तिथेच संपला.

दोन, 'मग'. ओळीवर एकटा असताना तो थांबा होता. भेट आणि ताटातूट यांच्यातला वेळ त्या कोऱ्या जागेत दिसत होता. वाक्यात आल्यावर 'मग' म्हणजे नुसतं जोडकाम, वाचकाची नजर त्यावरून घसरून जाते.

तीन, 'एक मोठा / एक लहान'. दोन सारख्या ओळी म्हणजे तराजूची दोन पारडी होती. आता ते अर्धवट सुटलेलं वाक्य वाटतं.

म्हणजे थांबवणं, दोन अर्थ धरणं आणि तोलणं ही तिन्ही कामं ओळ करत होती. तुम्ही ओळ काढलीत, पण तिची कामं कोणाला दिली नाहीत. गद्यकवितेत ती वाक्याने करायची असतात. वाक्य कुठे लांबतं, कुठे अचानक तुटतं, क्रियापद किती वेळ अडवून ठेवतं, स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम का येतो (नाव घेतलंय तर वकिली करणारच), सगळा खेळ त्यात आहे.

तपासायचं असेल तर उलट बाजूने तपासा. तयार गद्यकविता घ्या आणि ओळींत तोडून बघा. तोडल्यावर ती सुधारली, तर ती मुळात मुक्तछंदच होती. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा साधा परिच्छेद होता. तोडल्यावर बिघडली, ठेच लागल्यासारखी चालू लागली, तर गद्यरूप तिला खरंच हवं होतं. तुमची जोडलेली कविता पुन्हा तोडली की सुधारते. उत्तर त्यातच आलं.

आता, ओळ सोडून मिळतं काय? गद्याचा भाबडेपणा मिळतो. कवितेची ओळ दिसली की वाचक सावध होतो. चौकोनी परिच्छेद दिसला की त्याला वाटतं सूचना असेल, नोंद असेल, अहवाल असेल, आणि तो बेसावध आत येतो. म्हणून बऱ्याच चांगल्या गद्यकविता कुठल्या तरी साध्या गद्याचा आवाज उसना घेतात: शब्दकोशातली नोंद, वापरण्याच्या सूचना, मालाची यादी, साक्षीदाराचा जबाब, हरवले-सापडलेची जाहिरात. आवाज कोरडा ठेवायचा आणि आत जे घडतं ते अजिबात कोरडं नसायला हवं. दोन्ही भिजलेले असले की चिखल होतो.

ललित आणि अलकचं म्हणाल तर मी मधलं एक वाक्य काढून बघते. ललितात एखादं वाक्य गेलं तरी फारसं बिघडत नाही, कारण तिथे लिहिणाऱ्याचं मन भटकत असतं आणि भटकंतीत एखादं वळण गळलं तरी चालतं. अलकमध्ये वाक्य गेलं की कथाच कळत नाही. गद्यकवितेत कळायला सगळं कळतं, फक्त चाल लंगडते. शिवाय अलक शेवटच्या कलाटणीवर उभी असते. कलाटणी माहीत झाल्यावर दुसऱ्या वाचनात तिचा जोर निम्मा होतो. गद्यकविता दुसऱ्या वाचनात वाढायला हवी.

लांबी: शिकताना 80 ते 250 शब्द. त्याखाली ती सुविचार होते. पानाच्या पुढे गेली की वाचक कथेची अपेक्षा करू लागतो: पात्र कुठे आहे, पुढे काय झालं? हा काही नियम नाही. फ्रेंच कवी सेंट-जॉन पर्सने 1924 साली आख्खं दीर्घकाव्य असल्या लयदार गद्यखंडांत लिहिलं. पण ती पुढची इयत्ता.

पादटीप

थोडं शब्दाबद्दल, कारण मराठीत यावरून नाहक घोळ होतो. 'गद्यकाव्य' म्हटलं की संस्कृतवाल्यांना बाणभट्ट, दंडी, सुबंधू आठवतात. ते लांबलचक कथानकाचं, समासांनी भरलेलं गद्य. त्यातल्याच एका ग्रंथाच्या नावावरून आपण मराठीत 'नॉव्हेल'ला कादंबरी म्हणू लागलो. इथे ज्याची चर्चा चालली आहे तो प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधून आला. त्याला 'गद्यकविता' म्हटलेलं बरं.

पण जुन्या मंडळींनी करून ठेवलेलं काम फुकट घालवू नका. दंडीने काव्यादर्शात गद्याची व्याख्या तीन शब्दांत दिली आहे: अपादः पदसन्तानो गद्यम्. पाद नसलेली पदांची सलग माळ. पाद म्हणजे श्लोकाचा चरण, आपल्या भाषेत ओळ. म्हणजे गद्याची ओळख त्याने 'काय नाही' यावरूनच केली, आणि तरीही गद्याला काव्यातच बसवलं. काव्य गद्य, पद्य आणि मिश्र असं तीन तऱ्हेचं, असं तो सरळ सांगतो. तेव्हा 'गद्यात कविता कशी असेल' हा वाद आपल्या परंपरेत मुळात उभाच राहत नाही.

कामाची गोष्ट वामन या संस्कृत काव्यशास्त्रकाराकडे सापडते. त्याने गद्याचे तीन प्रकार केले: वृत्तगंधी, चूर्ण आणि उत्कलिकाप्राय. चूर्ण म्हणजे लहान समासांचं मऊ गद्य, उत्कलिकाप्राय म्हणजे लांब समासांचं उसळणारं. वृत्तगंधी म्हणजे ज्याला वृत्ताचा वास येतो ते. नवशिक्यांच्या मराठी गद्यकवितेला हमखास हाच वास येतो, आणि तोही अष्टाक्षरीचा. नमुना करून दाखवतो:

दार उघडे राहिले, वारा आत येत गेला, दिवा विझून बसला, सावली उठून गेली.

अक्षरं मोजा. आठ, आठ, आठ, आठ. मराठी कानावर ओवी-अभंगाचे इतके संस्कार आहेत की जरा भावुक झालं की वाक्यं आपोआप आठाच्या मापात पडतात. वाचकाला कारण कळत नाही, पण तो गुणगुणू लागतो, आणि मग यमक कुठे गेलं म्हणून त्याला चुकल्यासारखं वाटतं. मोडायचं कसं? एक तुकडा आखूड करा, पुढचा मुद्दाम लांबवा:

दार उघडंच राहिलं. वारा आत. दिवा विझला त्याच्या आधीच सावली उठून गेली होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मजकूर तोच, पण डोलणं थांबलं. लिहून झाल्यावर स्वल्पविराम ते स्वल्पविराम अक्षरं मोजायची. लागोपाठ दोन तुकडे सारखे आले तर चालतील. तिसराही तसाच आला तर हात घालायचा. पद्याची एखादी झुळूक मुद्दाम ठेवता येते, एखाद्या ठिकाणी ती फार सुंदर दिसते. मात्र ती आपण ठेवलेली असावी, नकळत शिरलेली नसावी.

अर्धविराम

वामन बरा आठवला. 'आहे-होतं'चं राहिलं होतं, ते घेते.

आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून सलग पाच वाक्यं 'होता, होती, होतं'वर संपली की नको असलेलं यमक तयार होतं. चार वाटा आहेत, पण चारही सारख्या चांगल्या नाहीत.

सगळ्यात चांगली म्हणजे क्रियापद गाळणं. मराठी ते निमूटपणे सोसते. 'खोलीत एक खुर्ची. खुर्चीवर कोट.' इथे 'आहे' कोणालाच हवं नसतं. पण लागोपाठ तीनपेक्षा जास्त वाक्यांत गाळलं तर नाटकाच्या रंगसूचना वाचल्यासारखं होतं.

दुसरी, वर्तमानकाळात येणं. 'होता'पेक्षा 'येतो, सरकतं, थांबते' यांचे शेवट वेगवेगळे पडतात, शिवाय 'येत होता'चं जोडक्रियापद निघून गेल्याने वाक्य हलकं होतं.

तिसरी म्हणजे '-ऊन, -ताना, -ल्यावर' वापरून तीन वाक्यांचं एक करणं. क्रियापद जितकं लांब ठेवाल तितका ताण वाढतो. ही मराठीची खरी ताकद आहे आणि आपण ती सरकारी परिपत्रकांना आंदण देऊन टाकली आहे. फक्त एका वाक्यात दोनपेक्षा जास्त '-ऊन' नकोत. 'उठून, जाऊन, बघून, येऊन' हे पुन्हा यमकच.

चौथी, क्रियापद पुढे आणणं: 'येतो वारा, हलतं दार.' हिच्यापासून लांब राहा. आख्ख्या कवितेत एकदा ठीक. दोनदा आलं की गाण्याचा मुखडा वाटतो.

लेखणी_बोथट

भरपूर मिळालं. दुसरा खर्डा टाकतो. नोंदवहीचा आवाज धरायचा प्रयत्न केला आहे.

जिना

जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. नवव्या पायरीवर उतरणारा आणि चढणारा समोरासमोर येत होते आणि तेवढ्यापुरती दोघांची उंची सारखी होत होती. नववी पायरी वरून मोजली तरी नववी आणि खालून मोजली तरी नववीच होती. बाकीच्या पायऱ्या म्हाताऱ्याच्या दातांसारख्या झिजल्या होत्या, पण ही जणू काल बसवल्यासारखी कोरी होती... रात्री कोणी नसताना जिना स्वतःच स्वतःवरून चढत होता... नवव्या पायरीवर थांबत होता... समोरून कोणीच येत नव्हतं... प्रत्येकाच्या आयुष्यातही अशी एक नववी पायरी असते.

तिरकस

वाचलं. हा ललित लेखाचा परिच्छेद नाही हे कोण ठरवणार? लिहिणाऱ्याने वर 'गद्यकविता' लिहिलं म्हणून ती कविता? ओळी तोडायला घाबरणाऱ्यांनी शोधलेली पळवाट वाटते मला ही.

पादटीप

तिरकस, तुमचा टोमणा जुना आहे आणि घरचाच आहे. रवींद्रनाथांचा 'लिपिका' 1922 साली आला तो सलग गद्यात. पुढे 1932 च्या 'पुनश्च'च्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच लिहिलं की लिपिकेतली वाक्यं पद्यासारखी तोडून छापली नाहीत, त्याचं कारण बहुधा भित्रेपणा. 'पुनश्च'मध्ये त्यांनी तोडली, आणि त्यालाही गद्यकविताच म्हटलं. म्हणजे बंगालीत हा शब्द तोडलेल्या ओळींनाही लागतो. मराठीत त्या प्रकाराला आपण मुक्तछंदात किंवा मुक्तशैलीत ढकलतो. भाषांतरं वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

उलट टोकाला फ्रेंच कवी अलॉयसियस बर्त्रां. त्याचा संग्रह तो गेल्यावर वर्षभराने, 1842 मध्ये निघाला. छापणाऱ्यासाठी त्याने लिहून ठेवलेली सूचना अशी की मजकूर जणू पद्य आहे असं समजून मधे कोरी जागा सोडावी. ओळी नाहीत, पण परिच्छेद कडव्यांसारखे सुटे. पुढे बोदलेर या फ्रेंच कवीने हाच संग्रह पुढ्यात ठेवून आपल्या गद्यकविता लिहायला घेतल्याचं कबूल केलं, आणि विषय मात्र जुन्या काळातून उचलून आधुनिक शहरात आणला. त्याच्या पन्नास गद्यकवितांचं पुस्तकही मरणोत्तरच, 1869 चं. या प्रकाराच्या दोन्ही मूळपुरुषांना आपलं पुस्तक बघायला मिळालं नाही.

पळवाट होती की नव्हती हे बोदलेरवरूनच ताडता येतं. पद्य त्याला उत्तम येत होतं. प्रवासाच्या निमंत्रणाची एकच कल्पना त्याने आधी पद्यात आणि पुन्हा गद्यात लिहिली. पद्यातली ध्रुवपदावर झुलते. गद्यातलीत थेट स्वयंपाकसुद्धा शिरतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पद्याच्या दारातून जे आत येऊ शकत नव्हतं त्याला त्याने गद्याचं दार उघडून दिलं, एवढं तरी मान्य व्हावं.

तिरकस

स्वयंपाकाचं मान्य. जिन्याचं अजून नाही.

अर्धविराम

जिन्याचं मलाही नाही, पण कारण वेगळं.

वरवरच्या दुरुस्त्या भराभर सांगते. सगळी वाक्यं 'होता'वर संपली आहेत, ते वर बोललोच. दात आणि 'जणू' या दोन उपमा दहा शब्दांच्या अंतरात आल्यात. दोन्ही काढा. 'सारखा, जणू, जसा, भासतो' हे शब्द खर्ड्यात शोधायचे आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं की वस्तू नुसती सांगितली तर भागत नाही का. बहुतेक वेळा भागतं. तीन टिंबं म्हणजे ओळीचं भूत. ओळ तोडता येत नाही म्हणून हात टिंबांकडे जातो. तिथे पूर्णविराम द्या आणि थांबा वाक्याच्या लांबीतून आणा. शेवटचं वाक्य सुविचार आहे, ते आत्ताच खोडा. सवयही लावून घ्या: खर्डा झाला की शेवटचं वाक्य झाकून वाचायचं. दहापैकी सात-आठ वेळा कविता एक वाक्य आधीच संपलेली असते.

आता मुख्य आजार. गद्यात तर्क तपासला जातो. पद्यात वाचक 'एकाच पायरीवर भेटतात, उंची सारखी होते' हे ऐकून पुढे जातो, लय त्याला ओढून नेते. गद्यात तो थांबून म्हणतो: अहो, कोणत्याही पायरीवर भेटले तरी तेच होईल, नववीच का? दोघांची उंची मुळात सारखीच हे कशावरून? आणि ज्या पायरीवर सगळे थांबतात ती कमी झिजेल की जास्त?

हे प्रश्न किरकिरे वाटले तरी कविता त्यांतूनच पुढे जाते. गद्यकवितेतलं जग कितीही अजब असलं तरी आतला हिशोब चोख लागतो. एकच अशक्य गोष्ट गृहीत धरायची (इथे रात्री चढणारा जिना) आणि बाकी सगळं मोजमाप घेतल्यासारखं खरं ठेवायचं. दोन अशक्य गोष्टी आल्या की वाचक हिशोब सोडून देतो, आणि मग काहीही झालं तरी त्याला फरक पडत नाही.

नववी पायरी वेगळी का आहे याचं भौतिक कारण शोधा. रुंद आहे का? तिथे वळण आहे का? कारण सापडलं की झीज कुठे आणि कशी असेल तेही आपोआप कळेल, आणि त्या झिजेला उपमेची गरज उरणार नाही. सतरा हा आकडा मात्र अजिबात बदलू नका. दोन्हीकडून नववी, ही गंमत त्यातूनच आली आहे.

वाचायला घ्यायचं असेल तर फ्रेंच कवी फ्रान्सिस पोंज. 1942 चा त्याचा संग्रह साध्या वस्तूंवर आहे: फळांची खोकी, मेणबत्ती, पाव, कालवं. वस्तूचं वर्णन शास्त्रीय नोंदीसारखं, विनोद दाबून ठेवलेला. कालवावरच्या कवितेत तर फ्रेंच शब्दाच्या स्पेलिंगमधल्या टोपीच्या चिन्हावरून त्याने तसलीच टोपी असलेले विशेषणवजा शब्द जागोजागी पेरले आहेत. यमक गेलं, पण ध्वनीची वीण राहिली, आणि ती वस्तूच्या नावातूनच काढली. मराठीत हे सहज करता येण्यासारखं आहे. 'जिना'तला 'ज' आणि 'झिजणं'तला 'झ' जवळ आणून बघा. फार नको, अनुप्रास ऐकू यायला लागला की बिघडला.

मुद्रितशोधक

लिहिण्यावर बोलून झालं असेल तर मांडणीबद्दल, कारण निम्म्या गद्यकविता तिथे मरतात.

गद्यकवितेतली ओळ कुठे मोडेल हे रकान्याच्या रुंदीवर ठरतं. मासिकात वेगळी, पुस्तकात वेगळी, मोबाइलवर तिसरीच. म्हणून वाक्याच्या शेवटी एंटर मारायचा नाही. परिच्छेद संपल्यावरच मारायचा. संगणकावर छान दिसावं म्हणून मधे एंटर मारून पाठवलेला मजकूर दुसऱ्या रुंदीत ओतला की ओळी अर्ध्यावर तुटतात, आणि जुळणी करणाऱ्याला वाटतं हा मुक्तछंद आहे. मग तो त्या तशाच ठेवतो. पीडीएफमधून किंवा मेसेजमधून मजकूर उचलला तरी हाच गोंधळ होतो. पाठवताना वर एक ओळ लिहावी: 'सलग गद्य, ओळी मोडू नयेत, परिच्छेद दोन.' परिच्छेदांची संख्या लिहिलीत की चूक लगेच पकडता येते.

दोन्ही बाजू सरळ रेषेत आणून चौकोन करण्याची हौस सगळ्यांना असते. छापील पानावर ओळीत आठ-दहा शब्द बसत असतील तर ठीक. अरुंद रकान्यात देवनागरीचा सत्यानाश होतो. आपले शब्द लांब, ते तोडण्याची सोय सगळीकडे धड चालत नाही, त्यामुळे शब्दांमध्ये भगदाडं पडतात आणि पानावर वरून खाली पांढरे ओघळ दिसतात. पडद्यासाठी फक्त डावी बाजू सरळ ठेवा, उजवी सोडून द्या.

आणखी एक. लिहिताना रकाना एकदा अरुंद आणि एकदा रुंद करून वाचा. एखादा शब्द ओळीच्या टोकाला आला म्हणून तुम्हाला आवडत असेल आणि रुंदी बदलताच तो मधे जाऊन मरत असेल, तर तो परिणाम तुमचा नव्हता, खिडकीचा होता. तो शब्द वाक्याच्या शेवटी आणा. ती जागा कोणत्याही रुंदीत हलत नाही.

परिच्छेद पाडण्याबाबत हात आखडता ठेवा. ओळ तोडली तर श्वास पडतो, परिच्छेद तोडला तर दार बंद झाल्यासारखं होतं. दीडशे शब्दांत एक पुरे, बहुतेकदा एकही नको.

शीर्षकात कवितेचा निकाल फोडू नका. 'जिना' हे चांगलं आहे. 'समतेची पायरी' असतं तर खाली काही वाचायची गरज नव्हती.

पादटीप

वाचनासाठी माझीही भर. रशियन कथाकार तुर्गेनेव्हने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत लिहिलेल्या पन्नास गद्यकविता 1882 मध्ये छापून आल्या. कथाकाराचा हात गद्यकवितेत कुठे उपयोगी पडतो आणि कुठे आडवा येतो, दोन्ही त्यात दिसतं. फ्रेंच कवी रॅंबोच्या 1886 च्या संग्रहात बहुतेक रचना गद्यात आहेत आणि दोनच मुक्तछंदात. कोणती गोष्ट त्याने गद्यात ठेवली आणि कोणती तोडली हे बघत वाचायचं. इंग्रजीत अमेरिकन कवी चार्ल्स सिमिक: 1989 चा संग्रह, पुढच्या वर्षी पुलित्झर, आणि गद्यकवितांना असला मोठा सन्मान कसा म्हणून भुवया उंचावल्या होत्या. त्याच्या रचना बऱ्याचदा पाच-सहा वाक्यांच्या. शिकायला सर्वांत सोयीच्या त्याच.

जपानी कवी बाशोचं हायबुनही चाळा. ते गद्यकवितेचं शेजारघर आहे, घर तेच नाही: गद्याचा तुकडा आणि त्याला लागून हायकू. तिथे एक पथ्य पाळतात, हायकूने गद्याचं सार सांगायचं नाही, बाजूला पाऊल टाकायचं. तुमच्या शेवटच्या वाक्याला हेच पथ्य लावा.

खलिल जिब्रानपासून सुरुवात करू नका, असं मात्र सांगेन. वाईट म्हणून नव्हे. तो सूर नकळत उचलला जातो आणि पुढे प्रत्येक वस्तू उपदेश करू लागते. रूपककथेची वाट तिकडे जाते.

लेखणी_बोथट

झिजेचा प्रश्न डोक्यात बसला होता. पायरी रुंद केली आणि बाकीचं तिच्यामागून आलं. 'उंची सारखी' काढून टाकलं.

जिना

पायऱ्या सतरा. नववी वरून मोजली तरी नववी, खालून मोजली तरी नववी, आणि दोन माणसं मावतील एवढी रुंद तीच एक. बाकीच्या मधोमध झिजल्या आहेत, ही दोन्ही कडांना. उतरणारा आणि चढणारा इथे एकमेकांना वाट देतात; तेवढा वेळ कोणी वर नसतो, कोणी खाली नसतो, ज्याची जेवढी उंची तेवढीच भरते. पुढच्या पायरीला एक जण मोठा दिसू लागतो. दुरुस्तीत नववी पायरी इतरांएवढी करावी, जागा वाचेल, अशी सूचना आली आहे. रात्री कोणी नसताना जिना एकटाच स्वतःवरून चढतो आणि नवव्या पायरीवर भिंतीला चिकटून उभा राहतो.

तिरकस

ओळींत तोडून बघितली. बिघडते. मागे घेतो.

अर्धविराम

'सूचना आली आहे' हे वाक्य राहू द्या, सगळ्यांत कोरडं तेच आहे आणि त्याच्यामुळेच रात्रीचा जिना खरा वाटतो. 'कोणी वर नसतो, कोणी खाली नसतो' इथे सात-सात अक्षरं पडतात, पादटीप नाक मुरडतील, पण दोनच तुकडे आहेत आणि तिसरा मोडतो. चालेल.

'एकटाच' काढा. 'कोणी नसताना'मध्ये ते आलं.